निळ्या पट्टीचा बाण

समतोलने चोर पकडला, तेव्हा चोर आपल्या गिरणीच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकाच्या नाचणीतले खडे निवडत होता.

काळेथर बंदराच्या नाक्यावर, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला लागून, वीज कंपनीने समतोल या आपल्या नव्या गणकयंत्राचा एक फलक उभा केला होता. गावाला किती वीज आली, किती वापरली गेली आणि किती वाटेत नाहीशी झाली, हे तो दर पंधरा मिनिटांनी सांगायचा. गावकरी त्याचा उपयोग घड्याळ म्हणून करत. कोपऱ्यात वेळ दिसायची, आणि बाकीच्या आकड्यांशी कुणाचं काही भांडण नव्हतं. त्या सकाळी मात्र आकड्यांखाली लाल ओळ उमटली. 'बेहिशेबी वापर. संशयित ग्राहक: रूपेश शंकर भुवड, पीठगिरणी.'

मासळी उतरवायला निघालेल्या बायका टोपल्यांसकट थांबल्या. रूपेश सूप बाजूला ठेवून रस्ता ओलांडून आला. त्याने ओळ नीट वाचली.

"बापाचं नाव पहिल्यांदाच लाइटीत लागलं," तो म्हणाला. "जिवंत असता तर पेढे वाटले असते."

सगळे हसले. संदेश बैकर हसला नाही.

संदेश म्हणजे गावाचा मीटरवाला. डिप्लोमा झालेला, कंपनीचा परवाना असलेला तंत्रज्ञ. काळेथर आणि आसपासच्या वाड्यांमधले तीन फेजचे मीटर त्यानेच बसवलेले. रूपेश त्याचा बालवाडीपासूनचा मित्र. लाल ओळीकडे बघताना संदेशच्या डोक्यात एक बेरीज झाली, जी त्याने वर्षभर मोठ्या निग्रहाने होऊ दिली नव्हती. एक अधिक एक, उणे एक. उत्तर, एक.

ही बेरीज समजायला फार विज्ञान लागत नाही. आपल्या घरची सगळी वीज मीटरच्या पोटातून वाहते. कारखान्याचं तसं करता येत नाही. एवढा प्रवाह मीटरमधून सोडला तर मीटरचं आणि भिंतीचं नातं संपतं. म्हणून वीज नेणाऱ्या जाड तांब्याच्या पट्टीभोवती एक कडं बसवतात. त्याला म्हणतात सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. पट्टीतून दोनशे अँपिअर गेले की कड्याच्या बारीक तारेतून पाच जातात, आणि त्या पाचांवरून मीटर दोनशे ओळखतो. फेज तीन, म्हणून पट्ट्या तीन, लाल, पिवळी आणि निळी. कडीही तीन. प्रत्येक कड्यावर एक बाण कोरलेला असतो. वीज ज्या दिशेने वाहते त्या दिशेला तो बाण हवा.

उलटा बसला तर? काही नाही. स्फोट होत नाही, धूर येत नाही, दिवा फडफडत नाही. फक्त मीटरची अशी समजूत होते की या पट्टीतून कारखाना वीज घेत नसून देतोय. मग तो दोन फेजची बेरीज करतो आणि तिसऱ्याची वजाबाकी. तीन घास खाणाऱ्याचा एकच घास मोजला जातो. विजेच्या धंद्यात माणसाला मारणाऱ्या चुका पुष्कळ आहेत. ही त्यातली सर्वांत सभ्य चूक.

ती संदेशने गेल्या शिमग्यात केली होती, अफझल मुकादमांच्या बर्फाच्या कारखान्यात. केली होती म्हणण्यापेक्षा, त्याच्याकडून करून घेण्यात आली होती. हा फरक त्याला स्वतःला फार महत्त्वाचा वाटायचा.

मुकादमांचं पॅनेल भिंत आणि अमोनियाचा पाइप यांच्या बेचक्यात बसवलेलं. जागा अशी अडचणीची की निळी पट्टी मागून खाली उतरून, वळण घेऊन पुन्हा वर यायची आणि मग कड्यातून जायची. म्हणजे लाल आणि पिवळ्या पट्टीत वीज वरून खाली, निळीत खालून वर. संदेशने कारखाना बंद करून कडी बसवली. दोन बाण खाली, एक वर. बरोबर. मग नियमाप्रमाणे फोटो काढून कंपनीच्या ॲपवर चढवला. ॲपने क्षणभर विचार केला आणि कळवलं, 'बाण विसंगत. पुन्हा जोडा.'

कंपनीने हे ॲप हजारो फोटो दाखवून शिकवलं होतं. त्या हजारो फोटोंमध्ये तिन्ही बाण शाळेच्या प्रार्थनेसारखे एका रांगेत होते. पट्टी मागून वळसा घालून येते हे फोटोत दिसत नाही, आणि जे फोटोत दिसत नाही ते ॲपच्या लेखी नसतंच. संदेशने पुन्हा फोटो काढला. बाण विसंगत. टॉर्च लावून काढला. बाण विसंगत. मदत केंद्राला फोन केला, तर तिथून त्याच ॲपचा आवाज आला.

बाहेर ढोल वाजत होते. शिमग्यात सोमजाईची पालखी गावात घरोघर जाते, आणि ती अंगणात येते तेव्हा घरचा माणूस हजर नसेल तर पुढच्या शिमग्यापर्यंत सासरचे, माहेरचे आणि शेजारचे तिघेही ते बोलून दाखवतात. संदेशच्या बायकोचा, मानसीचा फोन आला. "पालखी भुवडांच्या अंगणात नाचतेय. पुढचं घर आपलं. तू येतोस, की तुझ्या नावाने सांगू, नवरा बर्फात गेलाय?"

संदेशने स्विच पाडला, निळ्या पट्टीवरचं कडं काढलं, उलटं करून बसवलं, फोटो काढला. 'अभिनंदन! जोडणी शंभर टक्के अचूक.' मीटरला सील लागलं. शिमगा झाला की येऊन सरळ करू, असं म्हणत तो घराकडे धावला.

शिमगा झाला. मग कंपनीने त्याला जिल्ह्यातला अचूक तंत्रज्ञ म्हणून मानपत्र दिलं. ज्या जोडणीसाठी मानपत्र मिळालं तीच उघडून उलटी करायची म्हणजे जरा चमत्कारिक. मग पावसाळा आला, मग गणपती. त्याच सुमारास मुकादमांना 'ऊर्जा-आदर्श उद्योग' अशी पाटी मिळाली, कारण तेवढाच बर्फ ते एक तृतीयांश विजेत करत होते. ही किमया बघायला दोन महाविद्यालयांच्या सहली आल्या. मुकादमांना स्वतःलाही कारण माहीत नव्हतं, पण पाहुण्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून ते सांगत, "भिंतींना चुना लावला." त्यावर एका प्राध्यापकाने निबंध लिहिला.

आणि आता फलकावर रूपेशचं नाव होतं.

समतोल रूपेशपर्यंत कसा पोचला, हे संदेशला फलकाखाली उभ्या उभ्या कळलं होतं. पूर्वी ट्रान्सफॉर्मरमधून निघालेली वीज आणि सगळ्या मीटरांची बेरीज जुळली नाही की हापिसातली माणसं तिला हानी म्हणायची आणि चहाला जायची. समतोल चहा पीत नव्हता. हरवलेली वीज दिवसाच्या कुठल्या वेळी हरवते ते तो बघायचा, आणि त्या वेळी कुणाचं यंत्र चालू असतं ते ताडून पाहायचा. ती हुबेहूब जुळत होती बर्फाच्या कारखान्याशी. पण ज्यांची जोडणी शंभर टक्के अचूक, त्यांच्यावर संशय घ्यायचा नाही, असं त्याला शिकवलेलं. मग दुसरं कोण? होड्या लागल्या की बर्फाचा कारखाना जोरात चालतो. होड्या लागल्या की मासळीवाल्या बंदरावर येतात. आणि येताना दळण घेऊन येतात, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामं. कारखाना आणि गिरण रोज एकाच वेळी घरघरत. समतोलला होड्या दिसत नव्हत्या, बायका दिसत नव्हत्या. त्याला दिसत होता रूपेश.

अडचण एकच होती. हरवलेली वीज गिरणीच्या मोटरीला पचेल त्याच्या कितीतरी पट होती. समतोलने तीही सोडवली. 'छुपे यंत्र असण्याची शक्यता.' त्यानंतर आठवडाभर गावातली जाणती माणसं दळण नसतानाही गिरणीत डोकावून गेली. एकजण विहिरीत टॉर्च मारून आला.

चौथ्या की पाचव्या दिवशी रूपेश संदेशकडे आला.

"संद्या, तुझा तो चिमटा घेऊन ये. माझं सगळं तपास. मला न सांगता माझ्याकडे काही चोरी चालली असेल तर कळू दे एकदा."

संदेश गेला. तारेभोवती धरायचा चिमटा-मीटर त्याने मोटरीच्या तिन्ही तारांना लावला, बोर्ड उघडला, मीटर बघितला. जे बरोबर आहे हे त्याला ठाऊक होतं ते त्याने पुष्कळ वेळ, फार काळजीपूर्वक तपासलं. रूपेशची आई कोनाड्यापाशी उभी राहून, डॉक्टर नाडी बघताना घरचे बघतात तशी बघत होती.

"सगळं ठीक आहे," संदेश म्हणाला.

"मग चुकलंय कुठे?"

संदेश चिमट्याची पिशवी बंद करत होता. तिची चेन अडकली होती. ती सोडवायला त्याने बराच वेळ लावला.

"यंत्राचं काय, सांगता येत नाही," तो म्हणाला.

"यंत्राचं तुला नाही सांगता येत तर कुणाला?" रूपेशची आई म्हणाली आणि त्याच्या हातात नाचणीच्या पिठाची पिशवी ठेवली. "मानसीला दे. चाळूनच दिलंय."

त्या पिठाची भाकरी संदेशने अर्धीच खाल्ली. मानसीने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, कणी राहिलीय. पीठ लोण्यासारखं मऊ होतं. मानसीने त्याच्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको बोलली नाही की समजावं, तिला कळलंय.

शिमगा जवळ आला तशी गावकीची बैठक भरली, देवळासमोर, सहाणेपाशी. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी ओटा. अध्यक्ष दत्ताराम आग्रे, म्हणजे आग्रेदादा, निवृत्त तलाठी. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याने दिलेला आकडा खरा मानला होता आणि त्यामुळे पेन्शन वेळेवर मिळत होती.

"पालखीचा पहिला खांदा भुवडांचा," ते म्हणाले. "पिढ्यानपिढ्यांचा मान. पण ज्याचं नाव नाक्यावर लाल अक्षरात आहे त्याच्या खांद्यावर देवी द्यायची का? त्याच्या अंगणात न्यायची का?"

कोणीतरी म्हणालं, देवीला कौल लावा.

"कौल माणसाला कळत नाही तेव्हा लावतात," आग्रेदादा म्हणाले. "इथे यंत्राने आकड्यांसकट सांगितलंय. देवीला कशाला त्रास?"

रूपेश उठून उभा राहिला. "दादा, इथे जाणकार माणूस बसलाय. त्याने माझी गिरण तपासलीय. त्याला विचारा."

सगळ्या माना संदेशकडे वळल्या.

"संदेश, तू सांग," आग्रेदादा म्हणाले. "समतोल चुकतो का?"

पुढे पुष्कळ दिवस संदेश या प्रश्नाची उत्तरं रचत राहिला. आंघोळ करताना, खांबावर चढताना. सगळी उत्तम होती. त्या क्षणी मात्र त्याच्या डोळ्यांसमोर परवाना आला, भिंतीवरचं मानपत्र आलं, आणि तोंडातून निघालं, "त्याला मिळालेल्या आकड्यांवर तो चालतो, दादा."

"म्हणजे चुकत नाही."

संदेशचं वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अगदी निर्दोष होतं, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

ठराव झाला. ज्याचं नाव फलकावर लाल, त्याच्या अंगणात पालखी नाही. रूपेश चपला घालून निघाला. जाताना संदेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तू तरी काय करणार होतास." हे तो मनापासून म्हणाला. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संदेश बर्फाच्या कारखान्यात गेला. कारण म्हणून ॲपवर 'साफसफाई' निवडलं. साफसफाईला फोटो लागत नाही. कारखाना बंद करायला लावला, सील काढलं, निळ्या पट्टीवरचं कडं पुन्हा उलटवून बाण वर केला. हळूच, कुणाला न कळता, जिथे चूक तिथेच दुरुस्ती. घरी येऊन तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. आता हरवलेली वीज सापडणार, लाल ओळ जाणार, ठराव आपोआप गळून पडणार. कुणाचंच काही जाणार नाही.

लाल ओळ गेली खरी. तिच्या जागी हिरवी आली. 'बेहिशेबी वापर थांबला. संशयित ग्राहकाच्या वर्तनात सुधारणा.'

"बघितलंत?" आग्रेदादा नाक्यावर सगळ्यांना सांगत होते. "इकडे पालखी बंद केली, तिकडे चोरी बंद झाली. देवीची जरब. आता तर शंकाच उरली नाही. ओळ हिरवी झाली तरी नाव लाल लागलंच होतं, ठराव कायम."

कालपर्यंत रूपेशवर संशय होता. आज पुरावा होता. चोराशिवाय चोरी कोण थांबवणार? बर्फाच्या कारखान्याचा मीटर त्याच दिवशी तिप्पट पळायला लागला होता, पण समतोलने त्याची नोंद 'उत्पादनवाढ' अशी घेतली, कारण जोडणी शंभर टक्के अचूक. मुकादमांचा फोन आला. "बैकर, ह्या मीटरला काय झालंय? सुटलाय नुसता!"

"भिंतीचा चुना उडाला असेल," संदेश म्हणाला आणि फोन ठेवला. असं बोलू नये हे त्याला कळत होतं. पण त्या आठवड्यात त्याने इतकं काही केलं होतं, जे करू नये, की हे त्यात मोजायलाही नको.

गिरणीत आता दळण येईनासं झालं. मासळीवाल्या पुढच्या गावाला दळायला जात. भांडून नव्हे, जरा लाजूनच. संदेश गेला तेव्हा रूपेश रिकाम्या गिरणीचा पट्टा काढून त्याला राळ लावत बसला होता.

"रूप्या, ती वीज मी हरवली होती."

आणि त्याने सगळं सांगितलं. निळी पट्टी, ॲप, बाण, ढोल, गेल्या आठवड्यातली साफसफाई. रूपेश राळ लावायचा थांबला. शेवटपर्यंत त्याने ऐकून घेतलं. मग त्याचे डोळे भरून आले.

"साल्या," तो म्हणाला, "माझ्यासाठी तू परवाना घालवायला निघालास?"

"अरे, खरं सांगतोय."

"हो, हो. पट्टी मागून वळते. छान जुळवलंयस. आग्रेदादाला बाण वगैरे काही कळणार नाही, मान हलवेल." त्याने डोळे पुसले. हाताची राळ गालाला लागली. "पण नको. तुझं मानपत्र आहे भिंतीवर, लोक म्हणतील मित्राला वाचवायला खोटं बोलतो. दोघांचीही अब्रू कशाला? आई ए, संद्याला चहा टाक! आणि याच्यासमोर रडू नकोस, हा बघ काय सांगायला आलाय."

आई बाहेर आली. रूपेशने तिला थोडक्यात सांगितलं. तिने संदेशच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली.

खरं बोलून माणूस हलका होतो, असं संदेशने कुठेतरी वाचलं होतं. तो चहा प्याला. दुसरा कप नाही म्हणता आला नाही, तोही प्याला.

घरी आल्यावर तो मानसीला म्हणाला, "सांगितलं. विश्वास बसत नाही त्याचा."

"तुझ्या बोलण्यावर कोण ठेवणार?" ती भाजी चिरत म्हणाली. "शंभर टक्के अचूक माणूस तू. तुझं कधी चुकतं का? करून दाखव."

शिमग्याची पालखी संध्याकाळी सहाणेवरून उठायची होती. सकाळी संदेशने आग्रेदादांना, मुकादमांना आणि बंदरावर दिसेल त्याला कारखान्याच्या दारात बोलावलं. रूपेशला म्हणाला, "गिरणीचे फ्यूज काढून आण." रूपेशने काही न विचारता तिन्ही फ्यूज आणले.

"दादांच्या हातात दे."

आग्रेदादांनी ते चिनीमातीचे गट्टू, कुणीतरी प्रसाद द्यावा तसे, दोन्ही हातांत घेतले. संदेशने कारखाना बंद करायला लावला, सील काढलं आणि सगळ्यांच्या देखत निळ्या पट्टीवरचं कडं उलटवलं. तिन्ही बाण एका रांगेत. "आता सुरू करा," तो मुकादमांना म्हणाला. कॉम्प्रेसर धडधडायला लागले. सगळी मंडळी नाक्यावर जाऊन फलकाखाली उभी राहिली. कुणीतरी लिंबू सरबत आणलं. रूपेश सरबत पीत होता, आणि मित्र आपल्यासाठी हे काय काय करतोय या कौतुकाने हसत होता.

पंधरा मिनिटं झाली. फलक बदलला.

'बेहिशेबी वापर पुन्हा सुरू. मीटर बंद, चोरी चालू. स्वरूप गंभीर. ग्राहक: रूपेश शंकर भुवड.'

सगळ्यांनी आधी फलकाकडे बघितलं, मग सरबताचा पेला हातात धरून उभ्या असलेल्या रूपेशकडे.

"अगो बाय," एक मासळीवाली म्हणाली, "हा तर हितंच उभा हाय."

"आणि गिरण माझ्या हातात आहे," आग्रेदादा म्हणाले. आपल्याच हातांनी आपल्याला फसवलं असावं, तसे ते फ्यूजकडे बघत होते.

रूपेश फलकाकडे बघत नव्हता. तो संदेशकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू, भरतीचं पाणी मागे हटतं तसं, निघून गेलं.

"म्हणजे तू खरं सांगत होतास," तो म्हणाला.

"हो."

"सहाणेवर दादांनी विचारलं, तेव्हा माहीत होतं तुला."

"हो."

"माझ्या गिरणीला चिमटा लावलास तेव्हा? आई बाजूला उभी होती तेव्हा?"

संदेशने मान डोलावली. रूपेशने सरबताचा पेला फलकाच्या कठड्यावर ठेवला, आग्रेदादांच्या हातातून फ्यूज घेतले आणि गिरणीकडे निघून गेला. शिवी दिली नाही. इतक्या वर्षांत शिवीशिवाय त्याने संदेशचा निरोप घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

संदेशने परत जाऊन कडं सरळ केलं. दोन बाण खाली, एक वर. या वेळी कारण म्हणून त्याने 'चुकीची जोडणी दुरुस्त' असं निवडलं. त्याला फोटो लागतो. त्याने काढला.

'बाण विसंगत. पुन्हा जोडा.'

त्याने पुन्हा जोडलं नाही. तसाच फोटो ठेवून दिला आणि सील लावलं. पुढच्या पंधरा मिनिटांनी फलकावरून रूपेशचं नाव गेलं आणि नवी लाल ओळ आली. 'सदोष जोडणी. जबाबदार तंत्रज्ञ: संदेश बैकर. परवाना स्थगित.' काळेथरच्या इतिहासात त्या फलकाने पहिल्यांदाच योग्य माणसाचं नाव लिहिलं होतं, आणि तेही चुकीच्या कारणासाठी.

आग्रेदादांनी ओळ वाचली. गावकीची चूक झाली हे त्यांनी भुवडांच्या दारात जाऊन सांगितलं. पहिला खांदा परत दिला. मग येता येता ते संदेशच्या घरी थांबले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

"ठराव रूपेशचं नाव घालून केलेला नव्हता, संदेश. ज्याचं नाव लाल, त्याच्या अंगणात पालखी नाही, असा आहे. आता नियम म्हणजे..."

"बरोबर आहे, दादा," संदेश म्हणाला. त्याला खरोखरच बरोबर वाटलं.

मुकादम ऊर्जा-आदर्शची पाटी काखेत घेऊन आले होते. "ही तुझी, बैकर," ते म्हणाले. "माझ्याकडे तर चुना लावलेल्या भिंती आहेत." आणि पाटी ओट्यावर ठेवून गेले.

संध्याकाळी ढोल वाजू लागले. मानसीने अंगण सारवलं होतं. पालखी येणार नाही हे माहीत असूनही तिने रांगोळी काढली, आणि संदेशने 'कशाला' असं विचारलं नाही. भुवडांच्या अंगणात पालखी खूप वेळ नाचली. बांधावरून दिसत होतं. रूपेशच्या आईने ओटी भरली, गुरवाने खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, आणि सगळ्या गावाने "व्हय महाराजा" म्हटलं. संदेश दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता.

मग पालखी रस्त्यावर आली. पहिल्या खांद्याला रूपेश. ठरावाप्रमाणे तिने बैकरांच्या बेड्यावरून, म्हणजे अंगणाच्या फाटकावरून, सरळ पुढे जायचं होतं. ती बेड्यापाशी आली आणि घुटमळली. दोन पावलं पुढे गेली, दोन मागे आली. पुढचा दांडा बेड्याकडे वळला.

"अरे, सरळ, सरळ!" आग्रेदादा मागून ओरडले.

"मी काय करू, दादा?" रूपेश म्हणाला. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. "देवी ओढतेय. तिला विचारा ना तुमचा ठराव."

पालखी बेड्यातून आत आली, रांगोळी तुडवत, आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिली. ढोल थांबले. मानसी ओटीचं ताट घेऊन पुढे झाली. संदेश जागचा हलला नाही. रूपेशने त्याच्याकडे पाहिलं. ते बघणं माफीचं नव्हतं. माफीला वेळ होता, आणि कदाचित ती यायचीच नव्हती.

"उभा काय राहिलास?" रूपेश म्हणाला. "माझा खांदा भरून आलाय. ये, घे."

संदेश पुढे आला आणि, पालखीकडे तोंड करूनच, दांड्याखाली वाकला.

"असा नाही," रूपेश म्हणाला, फक्त त्याला ऐकू जाईल इतकं हळू. "आधी देवीचं तोंड कुठे आहे ते बघ, मग खांदा लाव. इथे कुणी फोटो काढत नाहीये."